कोलाडचं राफ्टिंग: पैसे वसूल, पण पाणी कुठून येतं ते बघत बघत जा

आधीच सांगतो, ऑपरेटरचं नाव यात मिळणार नाही. कोलाडला राफ्टिंगवाले ढिगाने आहेत, प्रत्येकाचा बोर्ड वेगळा, इन्स्टा पेज वेगळं, पण नदी एकच आणि तिच्यात पाणी सोडणारे पण एकच, त्यामुळे तुम्ही बुकिंग कुणाकडेही करा, सगळ्यांच्या राफ्ट साधारण त्याच पट्ट्यात त्याच वेळेला उतरतात आणि त्याच पाण्यावर खाली जातात. फरक पडतो तो गाईडमध्ये, लाइफ जॅकेटच्या अवस्थेत आणि जेवणात. त्यावर बोलतोच पुढे, पण मला रिव्ह्यू लिहायचाय तो मेनली कुंडलिका नदीचा, कारण पैसे आपण तिच्यासाठी मोजतो आणि तिच्याबद्दल कुणीच काही लिहीत नाही, सगळ्यांचं नुसतं ‘ऑसम एक्सपिरियन्स, मस्ट व्हिजिट’.

आम्ही जानेवारीत गेलो, पुण्याहून ताम्हिणी घाटाने. मी, बायको, मेव्हणा आणि कॉलेजात असलेला पुतण्या, जो एकदा ऋषिकेशला जाऊन आलाय म्हणून रस्ताभर आम्हाला ज्ञान देत होता. मुंबईवाल्यांना पेण, नागोठणे, सुकेळी खिंड करत यावं लागतं, त्या हायवेबद्दल मी काही बोलत नाही, सगळ्यांचं बोलून झालंय. पण पुण्याकडून येणार असाल तर ताम्हिणीनेच या, कारण राफ्टिंगचं पाणी तुम्हाला वरच भेटतं. पौड मागे पडलं की मुळशी धरणाचा जलाशय लागतो, रस्ता बराच वेळ त्याच्या काठाकाठाने जातो, आपण गाडी थांबवतो, भजी खातो, फोटो काढतो आणि पुढे निघतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आपण ज्या पाण्यात बोंबलत असतो ते हेच.

म्हणजे बघा, मुळशी धरण आहे मुळा नदीवर. मुळा पूर्वेकडे वाहणारी, पुण्यात येऊन मुठेला मिळते, पुढे भीमा, उजनी, पंढरपूर, मग कृष्णा आणि शेवटी बंगालचा उपसागर. टाटांनी शंभर वर्षांपूर्वी हे पाणी अडवलं आणि बोगद्यातून, पाइपातून उलट बाजूला, पश्चिमेला, सह्याद्रीच्या कड्यावरून खाली कोकणात सोडलं. खाली भिरा गाव, तिथे वीजघर, १९२७ ला सुरू झालेलं. साधारण पाचशे मीटर उंचीवरून पाणी टर्बाइनवर येतं आणि वीज जाते मुंबईला. आमची गाडी घाट उतरून विळे फाट्याला येईपर्यंत मेव्हण्याला दोनदा मळमळलं, हे पाणी तेवढंच अंतर पाइपातून काही मिनिटांत उतरत असेल. विठोबाच्या पायाशी जायचं पाणी, ते कोकणात उतरून मुंबईचे पंखे फिरवतं आणि मग कोलाडला आयटीवाल्यांच्या राफ्ट हलवतं. आणि आम्हा पुणेकरांसाठी अजून एक, शहरातून वाहणारी मुळा आपण नाकाला रुमाल लावून पुलावरून बघतो, तीच स्वच्छ, गार आणि पिण्यासारखी दिसणारी मुळा बघायची असेल तर कोलाडला जा. नाव मात्र तिथे कुंडलिका.

हे सगळं काही गोडीगुलाबीने झालेलं नाही, हे पण माहीत असावं. धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी जाणार म्हणून १९२१ साली मुळशी सत्याग्रह झाला, सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे पुढारी. तीनेक वर्षं चालला आणि शेवटी मोडला. धरणाविरुद्धचं जगातलं पहिलं आंदोलन म्हणून त्याचं नाव घेतात. पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ हे नाव पण याच लढ्यात पडलं. जलाशयाच्या काठावर इतकी हॉटेलं झालीत, पण फारसं कुणी याबद्दल बोलताना दिसत नाही. असो, राफ्टिंगकडे येतो.

कोकणातल्या नद्यांचा स्वभाव एकच. उगम सह्याद्रीच्या कड्यात, समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे पहिल्या काही किलोमीटरमध्येच सगळी उंची संपवून टाकायची आणि मग सपाटीवर रेंगाळत खाडी व्हायचं. पावसाळ्यात अंगावर येतात आणि होळीपर्यंत नुसते गोटे उरतात. ताम्हिणीच्या पट्ट्यात वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण तो सगळा चार महिन्यांत, नंतर ठणठणाट. कुंडलिका पण मूळची तशीच, भिऱ्याजवळचा देवकुंड धबधबा आहे ना, तिथे तिचा उगम असं सांगतात, आणि देवकुंडला पावसाळा संपल्यावर गेलेल्यांना माहितीये की धार किती बारीक होत जाते. पण वीजघरातून निघालेलं मुळशीचं पाणी तिच्यात पडतं म्हणून ती मे महिन्यात सुद्धा वाहते. महाराष्ट्रात बारा महिने राफ्टिंग म्हटलं की कोलाडचंच नाव निघतं ते यामुळे. वरून खाली आलेलं पाणी आधी भिऱ्याच्या बंधाऱ्यात अडवतात, त्याच्यावर सरकारचं अजून एक ८० मेगावॅटचं वीजकेंद्र आहे, तिथे परत एकदा वीज काढून मग नदीत सोडतात. आणि गंमत म्हणजे टाटांच्या वीजघरात एक १५० मेगावॅटचं युनिट असं पण आहे की ग्रिडमध्ये वीज जास्त झाली की तेच पाणी पंपाने परत वर मुळशीत चढवतं. म्हणजे एखादा थेंब घाट चढ-उतार करत किती दिवस काढत असेल देव जाणे.

आता याचा तुमच्या बुकिंगशी संबंध काय, तर नदीला टाइमटेबल आहे. पाणी सकाळी सुटतं आणि दुपारनंतर उतरतं, राफ्टिंग फक्त त्या मधल्या वेळात. ऑपरेटर तुम्हाला आठला हजर राहायला सांगणार, तुम्ही धावतपळत पोचणार आणि मग नळाला पाणी यायची वाट बघतात तसे सगळे काठावर बसून राहणार. आम्ही चांगला दीडेक तास बसलो, जानेवारीची थंडी, हाफ पँट, समोर नदीत नुसते काळे दगड आणि मधून एक ओहोळ. पुतण्या म्हणाला, “काका, याच्यात राफ्टिंग?” तिथल्या एका पोराला विचारलं तर तो आरामात म्हणे, “पाणी सुटायचंय अजून, सुटलं की फोन येतो.” आणि खरंच फोन आला, आणि मग हळूहळू कडेचे दगड बुडायला लागले, ओहोळाचा प्रवाह झाला, प्रवाहाला आवाज आला, आणि मगाशी ज्या दगडावर बसून मी बिस्किटं खाल्ली होती तो दिसेना. मला विचाराल तर पूर्ण ट्रिपमधला हा सगळ्यात भारी भाग. लोक तेव्हा मोबाइलमध्ये रील बघत बसलेले असतात.

यात ऑपरेटरचा दोष नाही बरं का, पाणी किती आणि कधी सोडायचं हे त्यांच्या हातात नाही. पण फोनवर बुकिंग घेताना हे स्पष्ट सांगायला काय जातं? आमच्यावाल्याने ‘आठला शार्प’ एवढंच सांगितलं होतं आणि काठावर साधी चहाची सोय नव्हती. शेवटी रस्त्यापलीकडच्या टपरीवरच्या मावशींनी चहा दिला आणि वर “रोजचाच आहे हा प्रकार” असं म्हणाल्या. दुसरी तक्रार जॅकेटची, आदल्या दिवशीची ओली जॅकेटं तशीच ढिगात टाकलेली, वास मारत होती, माझ्या जॅकेटचं एक बक्कल लागत नव्हतं, मी दोनदा सांगितल्यावर बदलून मिळालं. यात लाजू नका, बक्कल, पट्टे, हेल्मेट सगळं ओढून बघा आणि पटत नसेल तर बदलून मागा. जॅकेट खांद्याला धरून कुणाला तरी वर खेचायला सांगा, कानापर्यंत वर आलं तर ते तुमच्या मापाचं नाही.

गाईड मात्र एक नंबर. जवळच्याच गावातला मुलगा, मराठीत ब्रीफिंग दिलं आणि ते घाईघाईने उरकलं नाही. राफ्टच्या कडेच्या ट्यूबवर बसायचं, पाय आतल्या आडव्या ट्यूबखाली रुतवायचे. पॅडलच्या टोकाला टी आकाराची मूठ असते तिच्यावरचा हात काही झालं तरी सोडायचा नाही, कारण ती सुटली की शेजारच्याचे दात जातात, ‘पाण्याने कमी आणि पॅडलने जास्त लागतं’ हे त्याचं वाक्य. पडलात तर उताणं व्हायचं, पाय खालच्या दिशेला, नाक आणि पायाची बोटं पाण्याच्या वर, आणि उभं राहायचा प्रयत्न चुकूनही करायचा नाही, पाणी कमरेएवढं असलं तरी. का, तर तळाला दगडांच्या फटी असतात, पाय अडकला की मागून येणारं पाणी माणसाला पालथं पाडतं. हे कारण सांगितल्यामुळे लक्षात राहिलं, नुसतं ‘उभं राहू नका’ म्हणाला असता तर मेव्हणा नक्की उभा राहिला असता. सोबत एक जण कायाकमधून, म्हणजे छोट्या अरुंद होडीतून, पुढेमागे करत होता, पडलेल्यांना उचलायला.

पट्टा साधारण बारा किलोमीटरचा, साजे गावाजवळून सुरुवात. ग्रेड दोन-तीनचे रॅपिड (दगडांतून उसळत जाणारे वेगवान टप्पे) आहेत, म्हणजे घाबरायचं कारण नाही पण झोपून जाण्यासारखं पण नाही. पहिल्या भागातच बरेचसे आहेत आणि त्याचं कारण पण नदीच्या स्वभावातच आहे, डोंगराच्या पायथ्याला उतार जास्त आणि वरून आलेले मोठमोठे काळे धोंडे इथेच पडलेले, पुढे उतार संपतो. पहिल्या रॅपिडला राफ्टचं नाक खाली गेलं आणि समोर बसलेली बायको पाण्याआड दिसेनाशीच झाली, बाहेर आली ती हसतच, आणि मग “फॉरवर्ड, फॉरवर्ड” ओरडणाऱ्या गाईडपेक्षा तिचाच आवाज मोठा. पाणी गार म्हणजे हाडात जाणारं. ऋषिकेशवाल्या पुतण्याने सुरुवातीला ‘ठीक आहे’ असा चेहरा ठेवला होता, तिसऱ्या-चौथ्या रॅपिडला तो सीटवरून आत कोसळला आणि मग गप्प पॅडल मारत होता. गंगेशी तुलना करू नका, तिथलं पाणी मोठं, लाटा मोठ्या. ही नदी अरुंद आहे, झाडं दोन्ही काठांवरून अंगावर आलेली, वळण आलं की पुढचं दिसत नाही, दगड जवळून जातात, त्यामुळे वेग आहे त्यापेक्षा जास्त वाटतो. मधे मधे शांत डोह लागतात तिथे खंड्या, बगळे, पाणकावळे दिसतात, मान वर केली तर मागे सह्याद्रीची भिंत.

शेवटचा टप्पा संथ आहे. तिथे जॅकेटसकट पाण्यात उडी मारू देतात आणि दोर धरून राफ्टच्या बाजूने वाहत जायचं. पोहता येत नसलेला मेव्हणा पण उतरला. बऱ्याच रिव्ह्यूंमध्ये लोक या भागाला ‘बोरिंग’ म्हणून स्टार कापतात. अरे, पुढे डोलवहाळचा बंधारा आहे, नदी तिथे अडवून पाणी डाव्या-उजव्या कालव्यांनी शेतीला जातं, पाणी संथ होणारच की. याच कालव्यांवर या भागात उन्हाळी भात होतो, कोकणात वर्षाला भाताची दोन पिकं ही काही सगळीकडे मिळणारी गोष्ट नाही. एकाच पाण्याकडून मुंबईची वीज, आपली मजा, रोहा-माणगावची शेती आणि कारखाने, एवढी कामं करून घेतली जातात. आणि वर भीमा खोऱ्यातल्या दुष्काळी भागाची मागणी आहेच की टाटांच्या धरणांचं पाणी परत पूर्वेला वळवा. ती मागणी चुकीची आहे असं म्हणवत नाही. तसं झालं तर कोलाडचं राफ्टिंग पावसाळ्यापुरतं राहील, पण उजनीकडे डोळे लावून बसलेल्या माणसापुढे आपलं राफ्टिंग काय घेऊन बसलात.

बहुतेक लोक राफ्टिंग करून, कपडे बदलून (चेंजिंग रूम: पत्र्याची, दाराला कडी नाही, बायकांच्या बाजूला लांब रांग) परत फिरतात. आम्ही नदीबरोबर पुढे गेलो आणि माझं म्हणणं आहे की वेळ असेल तर तुम्ही पण जा, नाहीतर कुंडलिका अर्धीच कळते. कोलाडहून रोहा जवळच. चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, त्यांचं घराणं इथलं, आणि पांडुरंगशास्त्री आठवले पण रोह्याचेच. पण रोह्याआधी धाटावची एमआयडीसी लागते, केमिकल कारखान्यांची, आणि तिथून पुढे पाण्याचा रंग आणि वास दोन्ही बदलतात. सकाळी ज्या पाण्यात तोंड उघडं टाकून ओरडत होतो त्याच नदीत इथे हात घालावासा वाटला नाही. प्रदूषणाची ओरड इथले मच्छीमार वर्षानुवर्षं करतायत. रोह्याच्या खाली भरतीचं पाणी येतं, नदीची खाडी होते, पूर्वी गलबतं भरतीबरोबर रोह्याच्या बाजूपर्यंत यायची.

शेवट रेवदंड्याला. खाडीचं तोंड चांगलं रुंद आहे, अलीकडे रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट, पलीकडे कोर्लईचा किल्ला समुद्रात घुसलेल्या डोंगरावर, मधे साळावचा पूल. कोर्लई गावात आजही काही कुटुंबं पोर्तुगीज मिसळलेली स्वतःची बोली बोलतात. शेजारचं चौल तर फार जुनं बंदर, अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात तिथे उतरला होता आणि रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. पुलाच्या अलीकडे एका घरगुती खानावळीत जिताड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी खाल्ली, राफ्टिंग कॅम्पच्या पनीर मसाल्याचं पाप तिथे धुतलं गेलं. कॅम्पवाल्यांना एक विनंती, रायगडात बसून बुफेत पनीर आणि हक्का नूडल्स कशाला ठेवता? समोर भाताची शेतं आहेत, वाल आहेत, चिंबोऱ्या आहेत. आमच्या कॅम्पवर एकच गोष्ट बरी होती ती म्हणजे रात्रीची पोपटी, त्याबद्दल खाली सांगतो.

स्टार द्यायचेच तर नदीला पाचपैकी साडेचार, अर्धा धाटावसाठी कापलाय, तो कुंडलिकेचा दोष नाही हे मान्य. गाईडला पाच. ऑपरेटरला तीन. वीकेंडला माणशी दीड-दोन हजार सांगतात, मधल्या वारी गेलात तर घासाघीस होते आणि गर्दी पण कमी. सहसा चौदा वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत आणि ते बरोबरच आहे, काही जण पैशासाठी घेतात, त्यांच्याकडे जाऊच नका. पाठीचं दुखणं, बीपी वगैरे असेल तर काठावर बसून पाणी चढताना बघा, तेही फुकट नाही जात. पावसाळ्यात पाणी मोठं आणि गढूळ असतं, पहिल्यांदा करणाऱ्यांनी दिवाळीनंतर जावं. एप्रिल-मेमध्ये जाणार असाल तर टोपी आणि पाण्याची बाटली विसरू नका, भिऱ्याला २८ मार्च २०१७ ला ४६.५ डिग्रीची नोंद झाली होती आणि देशभर बातमी झाली होती, राफ्टमध्ये गार वाटतं पण काठावर भाजून निघता. चष्म्याला दोरी बांधा. चप्पल नको, पट्ट्याचे सँडल किंवा जुने बूट. मोबाइल गाडीतच ठेवा, फोटो ते काढतात आणि नंतर विकतात, दर आधी विचारून घ्या.

आणि पोपटी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मसाला लावलेलं चिकन, अंडी, बटाटे भरून मडकं उलटं करून पेंढ्याच्या, लाकडाच्या जाळात ठेवतात, पाण्याचा थेंब नाही. हवी असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, आयत्या वेळी होत नाही, आणि मार्चनंतर मागू नका, शेंगा संपलेल्या असतात, तेव्हा कुणी पोपटी म्हणून देतंय ते साधं मटका चिकन असतं.